सहा ओळी कमी पडल्या

४ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. खुब्याचं दुखणं उतरलंय आणि वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जातेस, हे वाचून बरं वाटलं. माझं म्हणशील तर रक्तदाब जागेवर आहे, डोकं जागेवर नाही. म्हणजे सगळं नेहमीसारखं. मावशी फोन का करत नाही, असं तुझ्या मुलाने विचारलंय. त्याला सांग, तुझी आई फोनवर अर्धं ऐकते आणि उरलेलं मनाचं घालते. मागे मी दात काढून घेतला एवढंच सांगितलं, तर तू चार नातेवाइकांना मला हॉस्पिटलात ठेवल्याचं कळवलंस. त्यापेक्षा पत्र बरं.

तुझ्या सुनेची बहीण नवरा-मुलांना घेऊन तीन दिवस इथे येणार आणि तिला राजधानीतल्या बघायलाच हव्यात अशा इमारतींची यादी हवी आहे. बरं. एकतीस वर्षं पर्यटन खात्यात मी दुसरं केलं तरी काय? निवृत्त डॉक्टरला लोक लग्नातसुद्धा जीभ काढून दाखवतात, तसं माझं झालंय.

पहिल्या दिवशी जुनं सभागृह. सकाळी नऊच्या आत पोचायचं. शहाण्णव पायऱ्या आहेत, आणि वर पोचल्यावर कळतं की मागच्या बाजूला लिफ्ट आहे. आत गेल्यावर छत बघायचं, मान दुखेपर्यंत बघायचं. खाली बघण्यासारखं काही नाही, तिथे मंत्री बसायचे. दुपारी राजवाडा. दोनशे खोल्यांपैकी अकरा उघड्या असतात आणि त्यातल्या तीन दुकानं आहेत. राजाच्या पलंगापाशी गाईड जी रसभरीत गोष्ट सांगतो तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. राजाला दमा होता, तो खुर्चीत बसून झोपायचा.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय. हिरव्या काचेच्या छताखाली अकरा ते बारा असा उजेड पडतो की वाचणारी माणसं पाण्याखाली बसल्यासारखी दिसतात. हे मी एकदा लिहिलं होतं. साहेबांनी खोडलं. म्हणाले, "बाई, पाणी म्हटलं की लोकांना गळती आठवते." जुन्या न्यायालयाचा घुमट बाहेरूनच बघा म्हणावं, आत गेलेली माणसं वर्षानुवर्षं बाहेर येत नाहीत.

आपल्या गल्लीजवळचा मनोरा यादीत का नाही, असं सून विचारेल. मनोऱ्याला सध्या परांची बांधलीय, काही दिसत नाही. मनोरा राहू दे.

आता गल्लीची खबर. तू मुलाकडे जाताना लावलेलं घराचं कुलूप जसंच्या तसं आहे. मंगळवारी खालच्या शिंप्याचा फोन आला. "धाकट्या बाई, गल्लीतल्या झाडून सगळ्या दारांवर कागद चिकटवलाय. माझ्या दुकानात तर आरशावरच डकवला. गिऱ्हाईक स्वतःला बघायला जातं आणि सरकारला बघून येतं. जरा येऊन समजावून सांगा." गेले. वाचला. वारसा विभागाची नोटीस आहे. मनोऱ्यासमोरची जागा मोकळी करायचा काहीतरी विचार चाललाय. विचार काय, सरकार करतच असतं. मी बघते. तू खुब्याकडे लक्ष दे. मार्चअखेर आपल्या घरी यायचं तुझं ठरलंय, ते तसंच धरून ठेव.

तुझी,
धाकटी


२९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. तुझ्या सुनेची बहीण माझ्याकडे चहाला येऊन गेली. माणसं चांगली आहेत, पोरं उपद्रवी आहेत. ती म्हणाली, "मावशी, आम्ही मनोराही बघून आलो. परांची कुठेच नव्हती." मग काढली असेल. सरकारी कामं कधीकधी वेळेत संपतात.

तू सरळ विचारलंयस की नोटिशीत नेमकं काय आहे, तर सरळच लिहिते. मनोरा बांधला तेव्हा त्याच्यासमोर मोठं अर्धगोल पटांगण होतं, असं त्यांचं म्हणणं. आपली गल्ली त्या पटांगणावर नंतर केलेलं अतिक्रमण आहे. ते पाडून पटांगण पुन्हा मोकळं करायचं. गल्ली मुळापासून तिथेच होती असं ठरलं, तर त्यांना ती पाडता येणार नाही, किंवा पाडली तर त्याच भागात दुसरं घर द्यावं लागेल. अतिक्रमण ठरलं, तर काहीच नाही. बाहेर व्हा, एवढंच.

मी तीन वेळा वारसा विभागात जाऊन आले. तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टवर 'फक्त अधिकाऱ्यांसाठी' अशी पाटी, आणि अधिकारी सगळे तिशीतले, उड्या मारत जिना चढणारे. नंबराचं तिकीट देतात. माझा एकसष्ट होता. पहिल्या दिवशी चोपन्नपर्यंत झाले, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून सुरू. मी खिडकीतल्या माणसाला म्हटलं, "काल चोपन्नपर्यंत आला होतात, पुढचे सात मेले असं धरता का?" तो म्हणाला, "आजी, सिस्टीम रोज सकाळी शून्यावर येते." मला आजी म्हणाला. माझा स्वतःचा नातू मला आजी म्हणायला महिन्यातून एकदा येतो, आणि हा गडी दिवसातून चारदा म्हणतो.

तिसऱ्या वेळी अधिकारीण बाई भेटल्या. वास्तुविशारद आहेत. हुशार, नम्र, खुर्ची स्वतः पुढे ओढून दिली. राग कुठे ठेवावा तेच कळेना. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. त्यात आपली गल्ली नव्हतीच. तुझ्या घराच्या जागी हिरवळ रंगवली होती आणि तिच्यावर छोटी छोटी कबुतरं काढली होती. मी म्हटलं, "इथे माझ्या बहिणीचा पलंग आहे." त्या म्हणाल्या, "मला खरंच वाईट वाटतं. पण आम्ही नवीन काही करत नाही, मूळ होतं तेच परत आणतो." आणि आधार म्हणून खात्याच्या कुठल्याशा जुन्या पुस्तिकेतला उतारा वाचून दाखवला.

सुनावणी २० फेब्रुवारीला आहे. शिंप्याने गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या गोळा केल्यात आणि मला पुढारी केलंय. म्हणतो, "बाईंचं इंग्रजी ऐकूनच ते अर्धे गार होतील." तू काळजी करू नकोस, असं लिहिणार होते. नाही लिहीत.

तुझी,
धाकटी


१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र सोमवारी आलं. गेले तीन दिवस ते उशीखाली आहे. तुला काय उत्तर लिहावं हे ठरवण्यात अठ्ठावीस पानं फाडली. कचरा नेणारी बाई विचारत होती की पुन्हा नोकरी धरली का.

तू लिहिलंयस: "अगं वेडे, ती पुस्तिका म्हणजे तूच लिहिलेली ना? मग घाबरतेस काय? आपल्या घरात भिंतीवर तिचं पान फ्रेम करून लावलंय, ते काढून सुनावणीला घेऊन जा आणि त्यांच्यापुढे ठेव. म्हणावं, आमच्या घरच्या मुलीने लिहिलंय. मग बघू कोण हात लावतं आपल्या गल्लीला."

ताई, हे पत्र एकटी असताना वाच. सुनेकडून वाचून घेऊ नकोस.

पटांगण नव्हतं. कधीच नव्हतं. ते मी केलं.

तुला छपाईखान्यातला तो जाड भिंगाचा कंपोझिटर आठवतो? खिळे जुळवणारा. पुस्तिका छापायला घेतली तेव्हा त्याने निरोप पाठवला: "बाई, मनोऱ्याच्या पानावर सहा ओळी कमी पडतायत. फोटोचा ब्लॉक तयार झालाय, मोठा करता येत नाही. पान उघडं दिसतंय. संध्याकाळपर्यंत सहा ओळी द्या." खात्यात हे रोजचंच होतं. एक वाक्य फुगवायचं, कुणा राजाला दोन शेले जास्त चढवायचे, काम झालं. त्या दिवशी मला फुगवायला काही सापडेना. मनोऱ्याबद्दल ठाऊक होतं ते सगळं लिहून झालं होतं. मग मी लिहिलं की मनोऱ्यासमोर अर्धगोल पटांगण होतं आणि दर पौर्णिमेला राणी तिथे येऊन पांढरी कबुतरं सोडत असे. साहेबांना फार आवडलं. म्हणाले, "हे कुठे मिळालं?" मी म्हटलं, "जुन्या दप्तरात." पाच ओळी झाल्या.

आता सहावी.

त्याच्या दोन दिवस आधी साहेब परदेशी फोटोवाल्याला घेऊन मनोऱ्याचा फोटो काढायला आले होते आणि मी बरोबर होते. समोरून मनोरा पूर्ण दिसत नव्हता, कारण मध्ये आपली गल्ली. तुझी धुणी वाळत होती. तो फोटोवाला नाक वर करून म्हणाला, हे सगळं इथे का आहे? तेवढ्यात तू खिडकीतून हाक मारलीस, "अगं धाकटे, त्या पाहुण्यांनाही घेऊन वर ये, चहा टाकते." साहेबांनी विचारलं, "तुमच्या ओळखीच्या?"

मी म्हटलं, "नाही. इथल्या बायका सगळ्यांनाच हाका मारतात."

इंग्रजीत म्हटलं. तुला कळलं नाही. तू हात हलवलास आणि आत गेलीस. संध्याकाळी मी घरी आले तर विचारलंस, "पाहुणे घाईत होते का गं?" मी हो म्हटलं. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तू शिंप्याच्या बापाकडे काजं-बटणं करत बसलीस, म्हणून मी कॉन्व्हेंटात गेले. त्या इंग्रजीतलं मी हे एक वाक्य बोलले. सिस्टर खोटं बोलणाऱ्या मुलीला प्रार्थनेच्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभी करायच्या. अकरा वर्षांत माझ्यावर ती वेळ आली नाही. सगळं नंतरसाठी साठवून ठेवलं होतं बहुतेक.

पुस्तिका इंग्रजीत होती. सहाव्या ओळीचं मराठी असं: "पुढील काळात या पटांगणावर अनधिकृत घरे व दुकाने उभी राहिली, ही खेदाची गोष्ट आहे."

ही तुझ्या भिंतीवर आहे. पुस्तिका आली तेव्हा तू ते पान कापून फ्रेम केलंस, गल्लीभर दाखवलंस आणि मला म्हणालीस, वाचून दाखव. मी एकेक ओळ मराठीत सांगितली आणि कबुतरांपाशी थांबले. तू बोट ठेवून म्हणालीस, "खाली अजून एक ओळ आहे की." मी म्हटलं, "ते छापखान्याचं नाव आहे." अडतीस वर्षं तू ती काच पुसत आलीस.

नोटिशीत आधार म्हणून जे इंग्रजी वाक्य छापलंय, ते हेच. एका अक्षराचाही फरक नाही. मी नोटीस पहिल्यांदा वाचली तेव्हा शिंपी शेजारी उभा होता. म्हणाला, "काय म्हणतात बाई?" मी म्हटलं, सरकारी भाषा आहे, सावकाश बघते. मनोऱ्याला परांचीही नव्हती. तुझ्या माणसांनी त्या पटांगणाची गोष्ट तिथे गाईडकडून ऐकू नये, एवढंच मला हवं होतं. ती ऐकून आलीच. माझ्याकडे चहा पिताना सुनेच्या बहिणीने मला कबुतरं सांगितली.

वीस तारखेला मी समितीपुढे सगळं सांगणार आहे. खोटं माझं आहे, मीच ते परत घेणार. एवढं तरी माझ्या हातात असेल.

धाकटी


९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं उत्तर नाही. सुनेचा फोन आला होता. म्हणाली, "आई जेवतात, औषधं घेतात, टीव्ही बघतात. पण तुमच्याबद्दल काही विचारलं की खिडकीकडे बघतात." मी तिला कारण सांगितलं नाही. तूही सांगितलेलं दिसत नाही.

सुनावणीचं सांगते. समितीत पाच जण होते. अधिकारीण बाई कोपऱ्यात फायली घेऊन. मी उभी राहिले आणि म्हटलं, हे पटांगण मी मनाने लिहिलं, ते कधीच नव्हतं. कुणी दचकेल असं वाटलं होतं. अध्यक्षांनी चष्मा वर केला. "पुस्तिकेवर लेखकाचं नाव नाही."

"खात्याच्या पुस्तिकांवर नसायचंच."

"मग तुम्हीच लिहिल्याचा पुरावा?"

"माझं हस्तलिखित होतं. खात्याने रद्दीत घातलं."

"पुस्तिकेत 'जुन्या दप्तरावरून' असं म्हटलंय."

"तेही मीच म्हटलंय."

अध्यक्षांनी कागद उलटला. "गल्लीतल्या घर क्रमांक नऊमध्ये राहणाऱ्या बाई तुमच्या कोण?"

"बहीण. सख्खी."

ते शेजारच्याकडे बघून नुसते हसले. म्हणजे, घर वाचवायला म्हातारी काय वाटेल ते सांगेल. ताई, अडतीस वर्षांपूर्वी जिथे हो म्हणायचं तिथे मी नाही म्हटलं. आता हो म्हटलं तर त्या होमुळेच माझी साक्ष बाद झाली.

मग अधिकारीण बाईंनी पुरावे मांडले. एक प्रबंध, त्याच्या तळटीपेत पुस्तिका. चौथीचं पाठ्यपुस्तक, त्याला आधार प्रबंधाचा. संग्रहालयातलं मोठं तैलचित्र, राणी आणि कबुतरं, चित्रकाराने पाठ्यपुस्तक वाचून काढलेलं. मी एकेकाला म्हणत गेले, हेही माझंच, हेही माझंच. बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, एक पुस्तिका चुकू शकते. इतके सगळे एकदम कसे चुकतील?" चिडून नाही म्हणाल्या. खरोखरच विचारत होत्या.

शेवटी साक्षीला कोण यावा? आपला छत्रीवाला गाईड. उन्हापावसात पिवळी छत्री उंच धरून घोळका मागे ओढतो तो. म्हणाला, माझ्या आजोबांनी लहानपणी त्या पटांगणात कबुतरांना दाणे टाकलेत. बाहेर आल्यावर मी त्याला जिन्यावर धरला. "अहो, गाईडच्या ट्रेनिंगला तुम्ही माझ्यापुढे बसला होतात. ही गोष्ट तुम्हाला मी सांगितली."

"हो ना, बाई. तुम्हीच."

"मग आजोबा कुठून आणलेत?"

तो ओशाळला, पण नुसता ओशाळला. "तीस वर्षं रोज तीनदा सांगतोय हो. आता मला ते दिसतं. आजोबाही दिसतात. खोटं कसं म्हणू?"

माझ्या जिभेला सगळे घाबरतात. खात्यात तर साहेबसुद्धा माझ्या टेबलावरून जाताना चाल बदलायचे. त्या जिन्यावर मी त्याची बाही सोडून दिली.

निकाल आठवड्यात आला: अतिक्रमण. शिंप्याला मी सुनावणीआधीच सगळं सांगून टाकलं होतं. तो इस्त्री करत होता, करत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आमचा बाप अतिक्रमण." आता तो नाल्यापलीकडे मेहुण्याच्या ओट्यावर मशीन टाकून बसतो. परवा मी गेले तर गिऱ्हाईक नसतानाही मान वर केली नाही.

पाडणारे गुरुवारी आले. तुझं सामान मी बुधवारीच माझ्याकडे आणलं: पलंग, शिवणाचं मशीन, दोन ट्रंका, भांडी. पलंग माझ्या खोलीत मावत नाही, उभा करून ठेवलाय. फ्रेम आणली नाही. तिथेच राहू दिली. हे ठरवायला मी कोण, असं तू म्हणशील. म्हण. तू काहीतरी म्हणावंस.

गल्ली अडीच तासांत गेली. मी पोलिसांच्या दोरीमागे उभी होते. तुझ्या घराची खिडकीची भिंत आधी पडली आणि आतली निळी भिंत रस्त्यावरून दिसायला लागली. लोक त्या निळ्याचे फोटो काढत होते.

आणि आता जे सांगायचं ते मला सांगायचं नाही, पण तुझ्यापासून काही ठेवायचं नाही असं मी ठरवलंय. काल सकाळी मी पुन्हा तिथे गेले. मलबा नेलाय, जमीन सपाट केलीय. पलीकडच्या टोकाला उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा मनोरा खालपासून वरपर्यंत एका नजरेत बघितला. ताई, सुंदर दिसतो. मी लिहिला होता तसाच दिसतो. मला तिथे बसून रडायला यावं असं फार वाटत होतं, आणि मी बघत राहिले. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "तुम्ही इथल्याच का? इथे आधी काय होतं?"

मी तिला तुझ्या घरापासून सुरुवात करून सगळी गल्ली सांगितली, दारादारानं. ती मान डोलवत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "पण पुस्तिकेत तर वेगळंच आहे."

मार्चअखेर तू कुठे येणार, हे मला ठाऊक नाही. माझं दार आहे, पण ते मी सुचवायचं का, हेही कळत नाही. तू रागाने आलीस तरी चालेल. न बोलता राहिलीस तरी चालेल.

तुझ्या हाकेला ओ न दिलेली,
घर क्रमांक नऊमधली धाकटी